अंतराळयानात दिवस कोण ठरवतो?

चंद्रावरचे चालणे संपवून नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन ‘ईगल’ या चांद्रयानात परतले, तेव्हा ग्रीनिचच्या घड्याळात २१ जुलै १९६९ची पहाट झाली होती. वेळापत्रकाप्रमाणे आता झोपायचे होते. ऑल्ड्रिन खाली फरशीवर अंग चोरून पडले. आर्मस्ट्राँग इंजिनाच्या झाकणावर टेकले आणि पाय अडकवायला त्यांनी एका पट्ट्याची झोळी बांधली. खिडक्यांवर पडदे ओढले, तर बाहेरचे ऊन पडद्यातूनच आत झिरपत होते. समोरच्या फलकावरचे काही दिवे चालूच होते. ताऱ्यांवरून दिशा धरण्यासाठी छताजवळ एक दुर्बीण बसवलेली होती. तिच्या टप्प्यात नेमकी पृथ्वी आली होती आणि तिचा उजेड भिंगातून थेट आर्मस्ट्राँग यांच्या डोळ्यांवर पडत होता. जोडीला थंडी होती, पंपांची घरघर होती. ऑल्ड्रिन यांचा अधूनमधून डोळा लागला. आर्मस्ट्राँग यांनी ती रात्र जवळजवळ जागूनच काढली. काही तासांनी त्यांना अशा इंजिनावर चंद्र सोडायचा होता, ज्याला पर्यायी इंजिन नव्हते.

चांद्रयान बांधणाऱ्यांनी उजेडाचा विचार केला नव्हता असे नाही. कोणता खटका कसा दिसावा, कोणता आकडा किती तेजाने उमटावा, यावर त्यांनी बारकाईने काम केले होते. पण तो सगळा विचार ‘दिसण्या’पुरता होता. डोळे मिटल्यावर काय, हा प्रश्न पडद्याच्या कापडावर सोडून दिलेला होता. त्यानंतरच्या अर्धशतकात अंतराळयानातल्या प्रकाशयोजनेचा विषय बराच पुढे गेला. तो शरीरशास्त्राशी, मानसशास्त्राशी आणि वास्तुरचनेशी जोडला गेला. माझे मत आधीच सांगतो. यानात दिव्यांइतकेच नियोजन अंधाराचेही व्हायला हवे, आणि तेही यानाचा आराखडा कागदावर असतानाच. मागाहून कितीही चांगले दिवे बसवले तरी त्यांनी अर्धेच काम होते.

आधी बाहेर काय चालले आहे ते पाहू. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून सुमारे ९२ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी मारते. चोवीस तासांत पंधरा-सोळा वेळा सूर्य उगवतो आणि तितक्याच वेळा मावळतो. जून २०२५मध्ये स्थानकावर पोहोचलेल्या शुभांशु शुक्ला यांनी पंतप्रधानांशी बोलताना हेच सांगितले आणि आपल्याकडे त्याचे मोठे अप्रूप वाटले. शरीराला मात्र हे अप्रूप झेपत नाही. एका फेरीतली पस्तीसेक मिनिटे रात्र, बाकीचा वेळ दिवस, आणि पुन्हा तेच. त्यातही वर्षातले काही दिवस असे येतात की कक्षेची पातळी सूर्याच्या दिशेला मोठा कोन करते आणि स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरतच नाही. सलग काही दिवस सूर्य मावळत नाही. बाहेर बघून घड्याळ लावावे अशी सोयच नाही. म्हणून स्थानकावर ग्रीनिचची वेळ पाळतात, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ तिथे दिव्यांनीच आणावी लागते.

तिथले ऊनही आपल्या ओळखीचे नाही. जमिनीवर हवा प्रकाश विखुरते, त्यामुळे सावलीतही दिसते. निर्वात जागेत उन्हातली बाजू डोळे दिपवणारी आणि सावलीतली काळीकुट्ट. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत स्क्रीनवर आला की अक्षर दिसेनासे होते, आणि तो जाताच तीच खोली अंधारी वाटू लागते. स्थानकाबाहेर काम करणाऱ्या अंतराळवीराला हा अनुभव दर फेरीला दोनदा येतो. म्हणून त्याच्या शिरस्त्राणावरच दिवे बसवलेले असतात.

आता दिव्याकडे यंत्र म्हणून पाहू. घरातली ट्यूब गेली की आपण स्टुलावर चढून दुसरी लावतो आणि विषय संपतो. अंतराळात त्याच ट्यूबभोवती प्रश्नांचे मोहोळ उठते. काच फुटली तर तुकडे खाली पडत नाहीत, ते हवेत तरंगत राहतात आणि डोळ्यांत किंवा श्वासात जाऊ शकतात. ट्यूबमध्ये थोडासा पारा असतो. तीच हवा महिनोन्‌महिने फिरवून वापरायची असलेल्या बंद जागेत तो थोडासाही नको असतो. गरम झालेली हवा वर जात नाही, कारण तिथे ‘वर’ नाही. त्यामुळे दिव्याची उष्णता त्याच्याभोवतीच साचते. ती काढायला पंखा लावावा लागतो किंवा धातूतून वाहून न्यावी लागते. पंखा म्हटला की आवाज आला. शिवाय दिव्याच्या विद्युतमंडलाने रेडिओत आणि उपकरणांत व्यत्यय आणता कामा नये, त्याची थरथर डोळ्याला आणि कॅमेऱ्याला जाणवता कामा नये, त्याच्या उजेडात तारांचे रंग खरे दिसले पाहिजेत. आजारी सहकाऱ्याचे ओठ निळे पडलेत की नाही, अंगावर पुरळ आहे की नाही, हेही त्याच उजेडात ओळखायचे असते.

पहिल्या पिढीच्या यानांत वीज, वजन आणि जागा तिन्हींची टंचाई होती. अपोलोत विजेच्या क्षेत्रात स्वतःच मंद प्रकाशणारे पातळ फलक वापरले गेले. यानाच्या संगणकाचे हिरवे आकडे त्याच तंत्राने उजळत. चांद्रयानातल्या काही खटक्यांची टोके तर प्रोमेथिअम या किरणोत्सारी मूलद्रव्याने स्वयंप्रकाशी केलेली होती. वीज गेली तरी अंधारात बोटाला खटका सापडावा, हा हेतू. दिवसभर बसून वाचावे, स्वयंपाक करावा, एकमेकांचे चेहरे नीट बघावेत असा उजेड त्या यानांत नव्हता. दहा-बारा दिवसांच्या मोहिमेत त्याची उणीव फारशी जाणवलीही नसेल.

वीज गेल्यावर काय होते, याची खरी परीक्षा सोव्हिएत आणि रशियन स्थानकांवर झाली. ज्या सल्यूत-७ वर एप्रिल १९८४मध्ये आपले राकेश शर्मा जवळपास आठवडाभर राहून आले, तेच स्थानक १९८५च्या सुरुवातीला, आत कोणी नसताना, मृतवत झाले. जूनमध्ये व्लादिमीर झानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनिख या अंतराळवीरांनी यान हाताने चालवत त्याला जोडले आणि दार उघडून आत गेले. आत गोठवणारी थंडी होती, पाणी गोठलेले होते आणि एकही दिवा लागत नव्हता. हातातल्या विजेऱ्या आणि खिडक्यांची झाकणे उघडल्यावर येणारे ऊन, एवढ्यावर त्यांनी काम केले. सौर पंख्यांच्या तारा थेट बॅटऱ्यांना जोडल्या, आणि मग आपल्या यानाच्या साहाय्याने अख्खे स्थानक फिरवून ते पंखे उन्हात आणले. अंतराळ दुरुस्तीच्या इतिहासातले हे फार मोठे काम आहे, आणि त्याचा बराचसा भाग अर्ध्या अंधारात झाला.

बारा वर्षांनी ‘मीर’वर दोन प्रसंग घडले. फेब्रुवारी १९९७मध्ये प्राणवायू देणाऱ्या एका नळकांड्याने पेट घेतला आणि धुराने स्थानक भरून गेले. पुढे केलेला स्वतःचा हातही दिसेना अशी अवस्था झाली. त्याच वर्षी २५ जूनला मालवाहू ‘प्रोग्रेस’ यान येऊन आदळले. स्थानक भरकटत फिरू लागले, सौर पंखे सूर्यापासून वळले, बॅटऱ्या उतरल्या आणि दिव्यांबरोबर हवा खेळवणारे पंखेही बंद पडले. तेव्हा तिथले अंतराळवीर मायकेल फोल यांनी खिडकीशी अंगठा धरून, त्याच्यामागून सरकणाऱ्या ताऱ्यांवरून स्थानक किती वेगाने फिरते आहे याचा अंदाज काढला. अशा अनुभवांतून धडे निघतात ते साधे आहेत. संकटकाळचा दिवा मुख्य विजेवर अवलंबून नको. सुटकेच्या यानाकडे जाणारी वाट दाखवणाऱ्या खुणा वीज नसतानाही चमकल्या पाहिजेत. आंतरराष्ट्रीय स्थानकात अशा खुणा आहेत. आणि प्रत्येकाला स्वतःची विजेरी डोळे मिटून सापडली पाहिजे.

उजेडाचे आणखी एक काम आहे, आणि ते जमिनीवर राहणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. उजेड ‘वर’ कुठे आहे ते सांगतो. आपला मेंदू लहानपणापासून प्रकाश वरून येतो हे धरून चालायला शिकलेला असतो. खड्डा की उंचवटा हे आपण सावलीवरून ओळखतो, आणि सावली वाचताना प्रकाश डोक्यावरून येतो हे गृहीत धरतो. वजनविरहित अवस्थेत कानातला तोल सांभाळणारा अवयव गप्प बसतो, तेव्हा दिशा ठरवायची सगळी जबाबदारी डोळ्यांवर येते. भिंत, छत, जमीन सारखीच दिसली आणि चहूबाजूंनी दिवे असले तर मेंदू गोंधळतो. अंतराळवीर दारातून पलीकडच्या कक्षात शिरतो आणि क्षणात त्याला वाटते, आपण उलटे लटकलो आहोत. मळमळ सुरू व्हायला एवढे पुरते.

हे सोव्हिएत बाजूला फार लवकर उमगले, आणि त्याचे श्रेय गालिना बालाशोव्हा या वास्तुरचनाकार बाईंना आहे. सोयूझ, सल्यूत आणि मीर यांच्या अंतर्भागावर त्यांनी काम केले. त्यांचा आग्रह असा की तळ गडद, भिंती फिक्या आणि छत सर्वांत उजळ असावे. मीरच्या मुख्य कक्षात तळाला गडद हिरवा गालिचा, हलक्या हिरव्या भिंती आणि पांढऱ्या छतात ट्यूबलाइट अशी रचना झाली. अमेरिकेत १९७३च्या ‘स्कायलॅब’साठी औद्योगिक रचनाकार रेमंड लोवी यांना बोलावले होते. त्यांनी जेवणाच्या जागेला खिडकी हवीच, हा हट्ट धरला आणि तो मान्य झाला. पुढे ती खिडकी अंतराळवीरांची सर्वांत आवडती जागा ठरली. त्याच स्कायलॅबच्या एका भागात वर-खाली असा भेदच ठेवलेला नव्हता. उपकरणे गोल भिंतीवर चहूकडे लावलेली होती. जागा वाचली, पण तिथे काम करणाऱ्यांना तो भाग आवडला नाही. आज आंतरराष्ट्रीय स्थानकात दिवे प्रामुख्याने ‘छता’त आहेत. गुरुत्वाच्या दृष्टीने त्या छताला काही अर्थ नाही, पण माणसाच्या मेंदूला ते हवे आहे.

आता या विषयाच्या गाभ्याशी येतो. आपल्या शरीरातले घड्याळ सरासरी २४.२ तासांचे असते. रोजचा सूर्यप्रकाश त्याला थोडे पुढे सरकवून चोवीस तासांवर आणून ठेवतो. हा प्रकाश घड्याळापर्यंत पोहोचतो कसा, हे विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत नीट माहीत नव्हते. डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या आणि अंधुक उजेडात पाहणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी आहेत, एवढेच धरून चालत. पण काही अंध व्यक्तींना उजेड दिसत नसतानाही त्यांच्या डोळ्यांवर प्रकाश पाडला की रात्रीचे संप्रेरक मेलाटोनिन कमी होते, असे १९९५मध्ये दिसून आले. पुढे २००१मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉर्ज ब्रेनर्ड यांनी आणि इंग्लंडमधल्या दुसऱ्या एका गटाने स्वतंत्रपणे मोजून दाखवले की मेलाटोनिनवर सर्वाधिक परिणाम निळ्या प्रकाशाचा होतो, साधारण ४६० नॅनोमीटरच्या आसपासच्या. पुढच्याच वर्षी डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी डोळ्याच्या पडद्यातल्या अशा पेशी दाखवून दिल्या, ज्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात. मेलानॉप्सिन या रंगद्रव्यावर त्या चालतात. म्हणजे डोळ्याला दोन कामे आहेत, पाहणे आणि वेळ सांगणे. दोन्हींसाठी लागणारा उजेड वेगवेगळा आहे. अंतराळयानातल्या प्रकाशयोजनेला कलाटणी मिळाली ती इथे.

पण व्यवहार शास्त्राच्या आधीच सुरू झाला होता. डिसेंबर १९९०मध्ये ‘कोलंबिया’ शटलच्या मोहिमेत अंतराळवीरांना दोन पाळ्यांत काम करायचे होते, म्हणजे काहींना रात्री जागायचे होते. हार्वर्डचे चार्ल्स झाइस्लर यांच्या सल्ल्याने त्यांना उड्डाणाआधीच तीव्र उजेडात बसवून त्यांची घड्याळे सरकवली गेली. उड्डाणाच्या वेळेपर्यंत शरीराची रात्र दिवसात आणून ठेवायची, ही कल्पना तेव्हा नवी होती. नंतर शटलच्या मोहिमांत ती रूढ झाली.

शटलमधला उजेड मोजला गेला तेव्हा चित्र काळजीचे निघाले. १९९८च्या दोन मोहिमांत केलेल्या नोंदींनुसार खालच्या मजल्यावर, जिथे लोक राहत आणि झोपत, तिथे उजेड अगदी मंद होता. वरच्या वैमानिकी मजल्यावर मात्र खिडकीतून ऊन आले की तोच हजारो लक्सवर (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जाई, आणि तेही दर दीड तासाला. तुलना करायची तर नीट उजळलेल्या कार्यालयात तीनशे ते पाचशे लक्स असतात, आणि दुपारच्या उन्हात लाखभर. जो दिवसभर खालीच राहिला त्याला सकाळ भेटलीच नाही. जो झोपण्याआधी खिडकीशी गेला त्याच्या मेंदूला नेमकी चुकीच्या वेळी दुपार सांगितली गेली.

त्याचे परिणाम झोपेत दिसतात. शटल आणि स्थानकावरच्या अंतराळवीरांच्या झोपेची मोठी पाहणी २०१४मध्ये प्रसिद्ध झाली. वेळापत्रकात साडेआठ तास झोप राखलेली असताना प्रत्यक्षात सरासरी सहा तासांच्या आसपास झोप होत होती, आणि सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी कधी ना कधी झोपेची गोळी घेतली होती. दोन वर्षांनी आलेल्या, स्थानकावरच्या २१ अंतराळवीरांच्या अभ्यासात असे दिसले की साधारण पाचातल्या एका दिवशी झोपेची वेळ शरीराच्या घड्याळाशी जुळत नव्हती. त्या दिवशी झोप तासभर कमी होत होती आणि औषधे जास्त घेतली जात होती. या आकड्यांकडे मी केवळ आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहत नाही. जोडणीच्या वेळी, बाहेर काम करताना, यंत्रहात चालवताना झोपाळू माणूस चुका करतो, आणि अंतराळात चुकीला फारशी क्षमा नसते.

स्थानकाच्या अमेरिकी भागातले मूळ दिवे ट्यूबलाइटच होते. ते हळूहळू बंद पडत गेले, सुटे भाग संपत आले, आणि बदलायचेच तर नुसते तसेच दिवे कशाला, असा विचार पुढे आला. ब्रेनर्ड आणि हार्वर्डचे स्टीव्हन लॉकली यांच्या संशोधनाची जोड मिळाली. २०१६पासून बसवले गेलेले नवे एलईडी दिवे जुन्याच खोबणीत, जुन्याच विजेवर चालतात, पण त्यांना तीन अवस्था आहेत. रोजच्या कामासाठी ४५०० केल्व्हिनचा पांढरा उजेड, सुमारे २१० लक्स. जागे राहण्यासाठी किंवा शरीराचे घड्याळ सरकवण्यासाठी ६५०० केल्व्हिनचा निळसर उजेड, सुमारे ४२० लक्स. झोपण्याआधी २७०० केल्व्हिनचा पिवळसर उजेड, सुमारे ९० लक्स. केल्व्हिनचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर, एवढे लक्षात ठेवले की पुरे. दिव्यात निळ्याचे प्रमाण किती, यावर सगळा खेळ आहे. पिवळसर अवस्थेत वाचता येते, आवराआवर करता येते, आणि मेंदूला दिवस संपल्याची सूचनाही मिळते.

हा बदल मला अंतराळ प्रकाशयोजनेतली सर्वांत महत्त्वाची पायरी वाटतो. तरी त्याचे कौतुक करताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली म्हणजे २१० किंवा ४२० लक्स हे घराबाहेरच्या ढगाळ सकाळपुढेही काही नाही. विजेच्या आणि उष्णतेच्या मर्यादेत जे बसले ते दिले गेले. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. मालवाहू यान मध्यरात्री येणार असेल तर सगळ्यांची झोप एका फटक्यात सहा-आठ तासांनी सरकवली जाते. शरीराचे घड्याळ मात्र दिवसाला तास-दीड तासापेक्षा जास्त सहसा सरकत नाही. कितीही चांगला दिवा असला तरी तो अशा उडीची भरपाई करू शकत नाही. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांत प्रकाश घड्याळ सरकवतो याचा पुरावा भक्कम आहे. अंतराळात मात्र माणसे थोडी, प्रत्येकाचे काम वेगळे, त्यात आवाज, कार्बन डायऑक्साइड, ताण आणि वजनविरहित अवस्था. यातून दिव्याचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे. म्हणून नुसते दिवे बदलले आणि झोप सुधारली, असा दावा कोणी केला तर तो सावधपणेच घ्यावा.

आणि मग येतो अंधार. स्थानकाच्या ‘हार्मनी’ कक्षात झोपण्याचे चार कप्पे आहेत, एक माणूस उभा मावेल एवढेच. आत झोपेची पिशवी, लॅपटॉप, पंख्याचा झोत आणि स्वतःचा दिवा. त्यांना खिडकी नाही. रशियन ‘झ्वेझ्दा’ कक्षातल्या दोन कप्प्यांना मात्र छोटी खिडकी आहे. कोणता कप्पा चांगला? आपण पटकन खिडकीचा म्हणू. झोपेचा विचार केला तर खिडकीचा कप्पा झाकण घट्ट बसत असेल तरच चांगला. मनाचा विचार केला तर खिडकी हवीच. हा झगडा टाळता येत नाही, म्हणून झाकण हा सजावटीचा भाग न समजता महत्त्वाचे उपकरण समजले पाहिजे. अपोलोचे पडदे आठवा. शिवाय आता उजेडाचे नवे उगम आले आहेत, ते स्क्रीनचे. लॅपटॉप, टॅबलेट, नव्या यानांतले मोठे टचस्क्रीन, हे सगळे डोळ्याजवळ निळसर प्रकाश टाकतात. छतातला दिवा पिवळसर केला आणि झोपताना तासभर टॅबलेट पाहिला, तर आधीचे सगळे केलेले पाण्यात जाते.

अंधार आणखी एका कारणासाठी हवा असतो. फेब्रुवारी २०१०मध्ये ‘क्युपोला’ हा सात खिडक्यांचा घुमट स्थानकाला जोडला गेला, आणि अंतराळवीरांची फुरसत तिथेच जाऊ लागली. पण रात्रीची पृथ्वी किंवा तारे टिपायचे तर आतला प्रत्येक दिवा काचेत उमटतो. मग आतले दिवे विझवायचे, मागे काळे कापड लावायचे, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे द्यायची. अंतराळवीर डॉन पेटिट यांनी तर २००३च्या सुमारास सुट्या भागांतून एक जुगाडू यंत्रच बनवले, ज्यावर कॅमेरा पृथ्वीच्या गतीबरोबर फिरे आणि रात्रीच्या शहरांचे दिवे स्पष्ट येत. त्या चित्रांनी आपल्याला आपल्या शहरांची ओळख वेगळ्या डोळ्यांनी करून दिली. त्यासाठी यानात आधी अंधार करावा लागला होता.

डोळ्यांचाही प्रश्न आहे. दीर्घ मोहिमांत डोक्याकडे सरकलेल्या द्रवामुळे काहींच्या डोळ्यांच्या मागचा भाग किंचित चपटा होतो आणि जवळचे वाचायला त्रास होतो. त्यात बरेच अंतराळवीर चाळिशी-पन्नाशीतले, म्हणजे चाळिशीचा चष्मा आधीच लागलेले. त्यांना वाचायला जास्त उजेड लागतो, आणि चकाकी मात्र तरुणांपेक्षा जास्त त्रास देते. कामाच्या जागी हवा तिथे वळवता येणारा छोटा दिवा हे यावर साधे उत्तर आहे. प्रत्येक जागी तो दिला पाहिजे.

रोपांचे मी थोडक्यात सांगतो. २०१४पासून स्थानकावर ‘व्हेजी’ नावाची छोटी बाग आहे. रोपांना प्रामुख्याने लाल आणि निळा प्रकाश पुरतो, त्यामुळे ती जागा जांभळट दिसते. त्यात हिरवे एलईडी घातले ते माणसांसाठी, पालेभाजी ओळखीच्या रंगाची दिसावी म्हणून. ऑगस्ट २०१५मध्ये तिथले लाल लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्ले. शुक्ला यांनीही मूग आणि मेथीला अंतराळात मोड आणले. आणि स्क्रीनकडे बघताना अंतराळात डोळे व लक्ष कसे वागतात, याचाही एक भारतीय प्रयोग त्यांच्या मोहिमेत होता. तो आपल्या विषयाच्या फार जवळचा आहे.

अलीकडे वास्तुरचनाकारही या क्षेत्रात उतरले आहेत. डेन्मार्कमधल्या दोन तरुण रचनाकारांनी २०२०मध्ये उत्तर ग्रीनलंडमध्ये स्वतः बांधलेल्या घडीच्या घरात साठ दिवस काढले. आत त्यांनी दिवसाच्या चक्राप्रमाणे बदलणारा उजेड बसवला होता. त्यांच्याच संस्थेचा दिवा २०२३मध्ये डॅनिश अंतराळवीर आंद्रेआस मोगेन्सन यांच्याबरोबर स्थानकावर गेला आणि त्यांच्या झोपण्याच्या कप्प्यात लागला. त्याची खासियत अशी की त्यातली पहाट आणि संध्याकाळ रोज थोडी वेगळी असते. तीन ठरावीक बटणांपेक्षा हे पुढचे पाऊल आहे. पृथ्वीवर दोन संध्याकाळी सारख्या नसतात, आणि सहा महिने एकाच भिंतीकडे बघणाऱ्याला त्या फरकाची किंमत कळते.

पुढच्या मुक्कामांवर प्रश्न अधिक अवघड होणार आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजाच्या जेमतेम वर राहतो. सावल्या शेकडो मीटर लांब आणि ठार काळ्या पडतात. समोरून येणारे ऊन डोळ्यांत जाते आणि पायाखालचा खड्डा दिसत नाही. ह्यूस्टनच्या प्रशिक्षण तलावात पाणी अंधारे करून एकाच कोनातून तीव्र दिवा लावून याचा सराव चालतो. मंगळावर प्रश्न घड्याळाचा आहे. तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. मंद उजेडात राहणाऱ्या माणसाचे घड्याळ इतक्या लांब दिवसाशी जुळत नाही, पण योग्य वेळी तीव्र उजेड दिला की जुळते, हे प्रयोगांत दिसले आहे. २००८मध्ये ‘फिनिक्स’ यान मंगळावर असताना पृथ्वीवरच्या काही तंत्रज्ञांनी मंगळाच्या वेळेने काम केले आणि त्यांच्यासाठी निळसर दिवे वापरून पाहिले गेले. मॉस्कोतल्या ‘मार्स-५००’ या ५२० दिवसांच्या बंदिस्त प्रयोगात, जून २०१० ते नोव्हेंबर २०११, सहा जण फक्त कृत्रिम उजेडात राहिले. त्यातल्या एकाचे चक्र चोवीसऐवजी पंचवीस तासांच्या आसपास घसरले. रोज तासभर मागे पडत गेलेला माणूस काही दिवसांनी बाकीच्या पाच जणांच्या मध्यरात्री जागा असतो. मंगळाच्या वाटेवर असे होणे परवडणार नाही.

आता आपल्याकडे. ‘गगनयान’चे लक्ष्य तीन जणांना तीनेक दिवस सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर नेऊन सुखरूप आणणे, असे ठरले आहे. इतक्या थोड्या दिवसांत शरीर बरेच काही सहन करते. तिथे महत्त्वाचे ते उपकरणांचे स्पष्ट दिसणे, खिडकीच्या उन्हात स्क्रीन वाचता येणे आणि संकटकाळचा दिवा. भारतीय अंतराळ स्थानकाची गोष्ट वेगळी. २०३५पर्यंत ते उभे करायचे उद्दिष्ट आहे, आणि त्याच्या पहिल्या कक्षाला सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. तिथे माणसे आठवडे आणि महिने राहतील. आंतरराष्ट्रीय स्थानकाला पंधराएक वर्षांनी जे दिवे मागाहून बसवावे लागले, ते आपण पहिल्या दिवशी बसवू शकतो. झोपण्याच्या कप्प्यांचे घट्ट बंद होणारे दार, खिडक्यांची अंधार पाळणारी झाकणे, स्क्रीनचे रात्री आपोआप पिवळसर होणे, आणि मालवाहू यानांच्या जोडणीच्या वेळा ठरवताना झोपेचा विचार, हे सगळे कागदावर असताना जवळजवळ फुकट आहे. धातू कापल्यावर त्याला किंमत पडते.

आपल्याकडे प्रकाशयोजना हा विषय वास्तुरचनेच्या अभ्यासक्रमात असतो, झोपेचे शास्त्र वैद्यकीय महाविद्यालयांत असते आणि यान बांधणारे बंगळुरू व तिरुवनंतपुरमला असतात. हे तिघे एका टेबलाशी बसले तर पुष्कळ काम होईल. वास्तुरचना, औद्योगिक रचना किंवा वैद्यक शिकणारे कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी आपल्या प्रबंधासाठी हा विषय जरूर घ्यावा. स्थानकाचा आराखडा आत्ता आकाराला येतो आहे, आणि सूचना ऐकल्या जातात त्या याच टप्प्यावर.